दोन धक्क्यांमधलं अंतर

भूकंप एकच झाला, मग यंत्राने धक्के दोन का नोंदवले? शिंगणोली हायस्कूलच्या केतकी साळुंखेला भूकंपशास्त्राच्या पहिल्याच तासाला एका जुन्या भूकंपाची नोंद पाहून हे कोडं पडलं.

सन २०५८मध्ये नववीच्या मुलांना विज्ञानाचा एक जादा विषय स्वतः निवडता येत असे. बहुतेकांनी अवकाशशेती घेतली. भूकंपशास्त्राच्या वर्गात केतकी धरून जेमतेम चौघं उरली. आभाळ सोडून माती काय चिवडतेस, असं मैत्रिणी तिला चिडवत. शिकवायला एक जुना यंत्रमानव होता. मुलांनी त्याचं नाव कंप्या ठेवलं होतं.

कंप्याने लगेच उत्तर दिलं नाही. आधी त्याने मुलांकडूनच भूकंपमापक (जमिनीची थरथर नोंदवणारं यंत्र) बनवून घेतलं. स्प्रिंगला जड वजन टांगायचं. जमीन हलली तरी वजन जागच्या जागी राहू पाहतं, आणि दोघांमधला फरक पडद्यावर रेघ होऊन उमटतो.

मग त्याने समजावलं, की भूकंपाच्या जागेवरून दोन लहरी एकदमच निघतात. प्राथमिक लहर (खडकाला पुढेमागे दाबत, ताणत जाणारी) वेगाने पळते. दुय्यम लहर (खडकाला आडवं हलवत जाणारी) मागे पडते. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तसंच हे. भूकंप जितका दूर, तितकी दुय्यम लहर जास्त मागे. आपल्याकडच्या खडकांत एका सेकंदाचा फरक म्हणजे साधारण आठ किलोमीटर अंतर.

"पण कुठल्या दिशेला?" केतकीने विचारलं.

एकट्या यंत्राला ते सांगता येत नाही, असं कंप्या म्हणाला.

सहामाही परीक्षेआधी एका दुपारी बाकं गदगदा हलली. मुलं शिस्तीत मैदानात आली. कुणाला लागलं नव्हतं. पण डोंगरातल्या भैरवखोऱ्याशी आणि कुंभारखोऱ्याशी संपर्क तुटला होता. थोड्याच वेळात जिल्ह्याच्या मदत कक्षातून मनवा देशमाने यांनी कंप्याशी संपर्क साधला. त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या दोन भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी होत्या. प्रत्येक केंद्राभोवती, नोंदीवरून निघालेल्या अंतराएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ त्यांनी नकाशावर काढलं होतं. भूकंप दोन्ही वर्तुळांवर असणार, पण ती वर्तुळं दोन ठिकाणी छेदत होती: एक भैरवखोऱ्यात, दुसरं कुंभारखोऱ्यात. मदतीची उडती वाहनं एकाच खोऱ्याला पुरतील एवढीच होती. तिसरं केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं. म्हणून त्यांना शाळेची नोंद हवी होती.

कंप्याने केतकीला पडद्यासमोर बसवलं.

"मीही वाचतो, तूही वाच. दोघांचं जुळलं तरच कळवू."

केतकी पडद्याकडे वाकली. रेघेत तीन थरथरी दिसत होत्या. पहिली कुठली? तिने पुन्हा निरखून पाहिलं. ती बारीक, एकसारखी थरथर तिच्या ओळखीची होती. शाळेचा पाण्याचा पंप सुरू झाला, की ती रोजच उमटायची. तिने ती वगळली. उरलेल्या दोन लहरींत तीन सेकंदांचा फरक होता.

"चोवीस किलोमीटर," ती म्हणाली.

कंप्याचंही उत्तर तेच होतं. नकाशावरचं तिसरं वर्तुळ भैरवखोऱ्यातल्या छेदबिंदूवरून गेलं. कुंभारखोरं तर त्याच्या बरंच पलीकडे राहिलं.

वाहनं भैरवखोऱ्यात उतरली तेव्हा दरडीखाली दोन घरं दबली होती. संध्याकाळपर्यंत आतली सगळी माणसं जिवंत बाहेर निघाली. कुंभारखोऱ्यात फक्त संपर्काचा मनोरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी चौघांना पुढे बोलावलं. देशमाने बाईंचा निरोप त्यांनी वाचून दाखवला. त्यात एवढंच होतं: 'शिंगणोली हायस्कूल हे आजपासून जिल्ह्याचं चौथं भूकंपमापन केंद्र.' टाळ्या थांबेनात. केतकीची आई फाटकापाशी उभी होती. लेकीकडे बघताना तिची मान ताठ झाली होती.

जूनमध्ये भैरवखोऱ्यातल्या शाळेनेही हाच विषय मागितला. यंत्र बसवायला कंप्यासोबत केतकी गेली. तिथल्या पोरांनी वजन, स्प्रिंग, पडदा सगळं हाताळून पाहिलं. एकीने विचारलं, की ह्याने भूकंप थांबतो का?

"नाही," केतकी म्हणाली. "पण तो कुठे झाला, हे आपल्याला शोधता येतं. बसा, वर्तुळ काढायला शिकवते."