गोदूकाकीचा बुधवार

हेमांगी आगरदांड्याच्या धक्क्यावर आली होती ती गोदूकाकीच्या गुडघ्यांपायी. तिच्या थळ गावातल्या तेरा बायकांची सहल न्यायची, तर काकीला फेरीबोटीत चढायला जमेल का, हे आधी बघायला नको? ती वाकून बघत होती, तेवढ्यात बोटीतून उतरणाऱ्या स्कूटरवरचा मासळीचा डबा कलंडला आणि बर्फाचं गार पाणी थेट तिच्या नव्या बुटांत!

“अहो, आंधळे आहात का?”

“नव्हतो... आत्ता क्षणभर झालो खरा,” स्कूटरवाला तिच्याकडे बघत म्हणाला.

हेमांगीला रागवायचं होतं. पण मेल्याच्या गालाला खळी पडत होती. अशा माणसावर रागवायचं कसं?

त्याचं नाव हर्षद. पलीकडे बोर्ली पंचतनला त्याची खाणावळ होती. सहलीचं ऐकून तो हसायलाच लागला. “समुद्राकाठच्या थळच्या बायका मासळी खायला खाडी ओलांडणार?”

“जन्मभर रांधून वाढलीय त्यांनी. एक दिवस आयती खायचीय, मांडी घालून.”

हर्षदचं हसू थांबलं. “मग आमच्याकडेच या. आई रांधते, मी वाढतो.”

रविवार ठरला. दोनच दिवसांनी त्याचा फोन आला. “रविवारी संकष्टी आहे. सुरमई आणू की साबुदाणा भिजवू?”

हेमांगीनं कपाळावर हात मारला. संकष्टीला मासळीचं जेवण ठरवलेलं कळतं, तर बायकांनी तिला धक्क्यावरूनच ढकललं असतं. त्या दिवशी दोघं संकष्टीवर दोन मिनिटं बोलली आणि बाकी कशाकशावर तासभर.

फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं. एकदा सहल झाली की हा फोन संपला! मग परक्या पोराला कुठल्या तोंडानं फोन करायचा?

तिनं सरळ थापा मारायला सुरुवात केली. सोमवार कसा चालेल, काकीचा शंकराचा वार. मंगळवारी गणपती. गुरुवारी दत्त. शनिवारी मारुती. शुक्रवारी देवी. रविवारी खंडोबा. बिचारी गोदूकाकी घरात बसून सुकट भाजत होती आणि इकडे तिच्या नावावर उपासांची रास लागत होती. एकेका उपासामागे एकेक लांबलचक फोन.

“हेमांगी,” शेवटी हर्षद म्हणाला, “आठवड्याला आठवा वार नसतो गं...”

‘अहो’वरून ‘गं’वर गाडी कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं.

पण गोदूकाकीचा धीर सुटला. “जानार हाय का न्हाय? बुधवारी निघायचं. बास!”

हेमांगीनं जड मनानं फोन केला आणि शेवटचा प्रयत्न म्हणून पुटपुटली, “पण... काकीचा बुधवारही असतो.”

“असू दे. काकींचं मी बघतो.”

बुधवारी गाणी म्हणत बायका खाडीपार झाल्या. खाणावळीत पंगत बसली. पानापानात तळलेली सुरमई पडली आणि गोदूकाकीच्या पानात पडली... दुधीची भाजी.

“ह्ये काय? माझ्या पानात दुधी?” काकी कडाडली.

“तुमचा बुधवार ना, काकी,” हर्षद अदबीनं म्हणाला. “शिवाय सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार...”

“कुनी सांगितलं रं? संकष्टी सोडली तर मी मासळी सोडत न्हाय!”

तेरा जणींची तोंडं हेमांगीकडे वळली. ती लाजेनं लालबुंद झाली आणि उठून मागल्या पडवीत पळाली. संपलं. आता हा आपल्याला खोटारडीच म्हणणार, पुन्हा तोंडही बघणार नाही. तिचे डोळे भरून आले.

मागून हर्षद आला. “सुरमई गार होतेय.”

“मी खोटं बोलले.”

“माहीत आहे. आठवडाभर उपास करणारी बाई मासळी खायला खाडी ओलांडते होय?”

हेमांगी गर्रकन वळली. “माहीत होतं? मग दुधी का वाढलास?”

“महिनाभर वाट बघितली, तू आपणहून सांगशील म्हणून. तू काही सांगेनास. म्हटलं, काकीच बोलतील. आज पहाटे उठून मीच चिरला दुधी.”

“दुष्ट आहेस!”

“आहे. पण एक खरं सांग... एवढे उपास कशाला?”

आतून गोदूकाकीचा आवाज आला, “सुरमई आन रं, दोन तुकडे! त्या पोरीचं नंतर बघ!” कुणीही जागचं हललं नाही.

हेमांगी खाली बघत म्हणाली, “तू फोन ठेवलास ना, की वाटायचं... आता उद्या काय कारण सांगू मी?”

“कारण कशाला? करमत नाही, एवढं म्हण. पुरे.”

मग मान वर करून तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. “उद्यापर्यंत कोण थांबतंय? मला करमत नाही, हर्षद.”