कॅझ झिम्बाची शिटी

नवं मॉडेल इंजिन घरी उघडायचं नाही, असा रेल्वे-मॉडेल क्लबचा दंडक होता. पोस्टाने खोकं आलं की चिकटपट्टीही न सोडता ते शनिवारी मालगोदामात आणायचं आणि सगळ्यांसमोर फोडायचं. मालकाने आधी एक खोट काढायची, मग एक कौतुक करायचं, आणि त्यानंतरच इंजिन रुळांवर ठेवायचं. जो नुसतं कौतुकच करील त्याने सगळ्यांना डोनट खिलवायचे.

लेनी झिम्बाने आजवर कोणाला एक डोनट खिलवला नव्हता. खोट काढण्यात त्याचा हात धरणारा वेंडल खोऱ्यात कोणी नव्हता. पंचाहत्तरी उलटली तरी रिव्हेटची एक ओळ चुकलेली त्याला चष्म्याशिवाय दिसायची. ड्वाइट हॉस्लर मात्र दरवेळी ‘छान आहे की!’ म्हणायचा आणि हसत हसत डोनट आणायला जायचा. अशा माणसाशी स्पर्धा तरी काय करायची? पण गेली तीस वर्षं लेनी ती करत होता, आणि ड्वाइटला त्याचा पत्ताही नव्हता.

खोऱ्यातली खरी रेल्वे केव्हाच उठली होती. रूळ उखडून नेले, त्या जागी आता लोक कुत्री फिरवत. पण ती सगळी रेल्वे, डोंगर, पूल, टॅनरीचं म्हणजे चामड्याच्या कारखान्याजवळचं रेल्वे फाटक, सगळं या मंडळींनी जुन्या मालगोदामात पुन्हा मांडलं होतं. कंबरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर वाफेच्या इंजिनांच्या काळातलं वेंडल खोरं पसरलेलं होतं. तिथे कायम शरद ऋतू असायचा. प्रत्येकाने आपापला तुकडा बांधला होता. लेनीचा तुकडा म्हणजे टॅनरीचं फाटक आणि वरच्या टेकडीवरचं त्याचं लहानपणचं घर. त्यापुढचं वळण, मिल बेंड, हे ड्वाइटचं. तिथे रुळांना लागून त्याच्या आईचं पिवळं घर होतं.

त्या शनिवारी बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. टेबलावर दोन खोकी होती.

“आधी झिम्बा,” रोझली फिंक म्हणाली. ही क्लबची खजिनदार. नवरा गेल्यावर तिने त्याची इंजिनं विकली नाहीत, स्वतःच चालवायला घेतली. “त्याचं पोट फुटायच्या आत उघडू दे त्याला.”

लेनीने खोकं उघडलं. फोमच्या खाचेतून इंजिन अलगद बाहेर काढलं आणि तळहातावर तोललं. काळंभोर, हातभर लांबीचं, वजनदार. केबिनच्या खाली पांढऱ्या आकड्यांत ११८७. क्लबात एका नंबरचं एकच इंजिन असायचं, आणि ११८७ लेनीने नोंदणी सुरू होताच अडवून ठेवला होता. त्याचा बाप कॅझ झिम्बा याच नंबरच्या इंजिनावर ड्रायव्हर होता.

“घंटेची दोरी नाही,” लेनी म्हणाला. “आणि काळा रंग जरा निळसर मारलाय. कारखान्यातून असा निघतच नव्हता.”

“बरं, आता कौतुक.”

“वजन,” लेनी म्हणाला. “वजन बरोब्बर आहे.”

मग ड्वाइटने आपलं खोकं फोडलं. त्याच्या वाट्याला उरलेला नंबर आला होता, ११९०. त्याने इंजिन वर धरलं, फिरवलं, आणि लहान पोरासारखा ओरडला.

“अरे, आत माणूस आहे!”

सगळे वाकले. केबिनच्या खिडकीत, उजव्या बाजूला, नखाएवढा ड्रायव्हर बसला होता. कोपर चौकटीवर टेकवून तो बाहेर पाहत होता. लेनीने आपल्या इंजिनात वाकून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. खोक्यावर तर स्वच्छ छापलं होतं, माणसं सोबत मिळणार नाहीत.

“कारखान्यात कोणीतरी गंमत केलेली दिसते,” रोझली म्हणाली. “ड्वाइट, तुझं नशीब म्हणजे ना, तू बर्फावर घसरलास तरी गादीवर पडशील.”

“मग खोट काय काढू?” ड्वाइट डोकं खाजवत म्हणाला. “छान आहे की!”

“डोनट!” रोझलीने निकाल दिला.

लेनीही हसला, पण वरवर. ड्वाइटला कोणता ड्रायव्हर कुठल्या इंजिनावर होता याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मालाचे डबे तो उलट्या क्रमाने जोडायचा, पुलाला हिरवा रंग द्यायचा. दात आहेत त्याला चणे नाहीत, म्हणतात ते असं. बाप लेनीचा, आणि ड्रायव्हर मिळाला ड्वाइटला.

आणि कमाल म्हणजे ड्वाइटच म्हणाला, “लेनी, तू घे ना हा. तुझ्या ११८७मध्ये शोभेल. मला काय, रिकामी केबिनही चालते.”

“मला नको कोणाचं उतरलेलं,” लेनी तुटकपणे म्हणाला. ड्वाइटने खांदे उडवले.

आधी लेनीचं इंजिन निघालं. टॅनरीच्या फाटकाशी आल्यावर त्याने हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. नियमाप्रमाणे दोन लांब शिट्या, एक आखूड, एक लांब. इंजिनाच्या पोटातल्या चिपने त्या खणखणीत वाजवल्या, पण शेवटची शिटी सरळसोट निघाली. तिला बापाचं वळण द्यायचा लेनीने खूप प्रयत्न केला. बटणाला ते जमेना.

प्रत्येक ड्रायव्हरचा शिटीचा हात वेगळा असायचा. कॅझ झिम्बाची शेवटची लांब शिटी मध्येच खाली उतरायची, थांबली असं वाटायचं, आणि मग पुन्हा वर चढायची. जिना उतरताना काही विसरलं म्हणून कोणी परत वर यावं, तशी. लेनी अकरा वर्षांचा असताना बाप गेला. टोपी आत्याने नेली, घड्याळ विकलं गेलं. लेनीच्या वाट्याला फक्त ती शिटी आली.

तिची गोष्ट तो गेली तीस वर्षं क्लबात सांगत होता. टेकडीवरच्या घरातून रूळ दिसायचे नाहीत, शिटी तेवढी ऐकू यायची. बाप फाटकाशी आला की आईसाठी अशी शिटी वाजवायचा. शिटी तर फाटकावरच वाजते, नियमच आहे. आणि आई? आई शिटी ऐकली की स्वयंपाकघराची खिडकी खाडकन लावून घ्यायची. धुतलेल्या कपड्यांवर काजळी बसते म्हणायची. या ठिकाणी लेनी नेहमी हसायचा, आणि ऐकणारेही हसायचे. मांडणीतल्या घराची खिडकी मात्र त्याने उघडी ठेवली होती. दोन्ही दारं बाहेर ढकलून गोंदाने पक्की केलेली, आणि मागे नखाएवढी आई, बाहेर बघणारी.

मग ११९० निघालं. फाटकाशी ड्वाइट बटण दाबायला विसरला. इंजिन मुकाट पुढे गेलं, टेकडीला वळसा घालून मिल बेंडला आलं, आणि तिथे शिटी वाजली.

दोन लांब. एक आखूड. आणि शेवटची लांब, जी मध्येच खाली उतरली, थांबली असं वाटलं, आणि मग पुन्हा वर चढली.

“मी बटण दाबलं नाही हं,” ड्वाइट म्हणाला. रिमोट त्याच्या खिशात होता.

खिडकीपाशी म्हातारा ऑर्विल कॉफी घेऊन बसला होता. तरुणपणी तो याच मार्गावर सिग्नलमन होता. आता नव्वदीला टेकला होता आणि त्याला धड ऐकू यायचं नाही. त्याने मान वर केली.

“आला वाटतं कॅझ,” तो म्हणाला. मग त्याचं लक्ष लेनीकडे गेलं आणि त्याने नजर कॉफीत घातली.

“मिल बेंडला फाटक नाही,” लेनी म्हणाला. “स्टेशन नाही. तिथे शिटी वाजवायचं काही कारणच नाही.”

“वाजायची पण,” ड्वाइट सहज म्हणाला. “रोज संध्याकाळी. एक ड्रायव्हर होता, आमच्या कुंपणाशी गाडी हळू करायचा आणि कोळशाची चांगली मोठाली ढेकळं अंगणात टाकायचा. आई विधवा, शिवणकाम करणारी. आमचा हिवाळा त्या कोळशावर निघायचा. शिटी झाली की हातातलं काम टाकून ती ओसरीवर धावायची. भला माणूस होता बिचारा. नाव मला कधी कळलं नाही.”

लेनीच्या घरी कोळसा मोजून पेटायचा. बर्फ पडायला लागलं की आई दोघांचे कोट पांघरुणावर घालायची. त्याने ऑर्विलकडे पाहिलं. “तुम्ही ओळखत होतात ना माझ्या बापाला? सांगा याला, फाटकावर वाजायची.”

“जाऊ दे, लेनी,” ऑर्विल म्हणाला. “जुन्या गोष्टी.”

रोझलीने जेवायला हाक मारली. तिने चिकन पॉटपाय केली होती, रुंद शेवयांची, केशर घातलेली, आणि गरम आहे तोवर खायची असं तिचं फर्मान होतं. सगळे पलीकडच्या खोलीत गेले. लेनी मागे राहिला. हात धुऊन येतो म्हणाला.

त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा जळफळाट मोठा होता. फुकट देत होता तेव्हा नाही म्हणालो, आणि आता चोरतो आहे, हे त्याला पुरतं कळत होतं. बाप माझा आहे, तो माझ्या इंजिनात बसला पाहिजे, एवढंच डोक्यात घणघणत होतं. त्याने चिमटा उचलला आणि ११९०च्या खिडकीतून ड्रायव्हरला धरलं. गोंद नव्हताच. माणूस सहज बाहेर आला.

लेनीने त्याला भिंगाखाली धरलं. उजव्या कोपराला लाल रुमाल बांधलेला होता. भट्टीच्या दाराने भाजल्यापासून कॅझ झिम्बा कोपराला लाल रुमाल बांधायचा. ही गोष्ट लेनीने क्लबात कधीच कोणाला सांगितली नव्हती.

चिमट्याची टोकं कोमट झाली होती.

त्याने ड्रायव्हरला ११८७च्या खुर्चीत बसवलं, गोंदाचा थेंब लावला आणि जेवायला गेला. जेवण त्याला गोड लागलं नाही.

“गाडी चालवून माझं अजून पोट भरलं नाही,” जेवणानंतर ड्वाइट म्हणाला, “पण आता झिम्बाची पाळी. अरे, माझा माणूस कुठे गेला?” त्याने रिकाम्या केबिनमध्ये पाहिलं, मग ११८७मध्ये पाहिलं, आणि लेनीच्या खांद्यावर हात ठेवला. “घेतलास ना शेवटी? बरं केलंस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर लेनीला बरं वाटलं असतं. त्याने इंजिन सोडलं.

११८७ पुलावरून आलं. ड्रायव्हर कोपर टेकवून बाहेर पाहत होता. टॅनरीचं फाटक जवळ आलं. लेनीने बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. “वाजव,” तो पुटपुटला. “इथे वाजव ना.” इंजिन फाटक ओलांडून गेलं. टेकडीवरच्या घराकडे केबिनची खिडकी होती, तरी ड्रायव्हर पुढेच बघत होता.

टेकडीआड गेल्यावर इंजिनाचा वेग कमी झाला. लेनीचा अंगठा वेगाच्या चाकावर होता, पण चाक फिरलं नव्हतं. पिवळ्या घरापाशी ११८७ थांबलं.

दोन लांब. एक आखूड. मग ती शेवटची.

ऑर्विलने डोक्यावरची टोपी काढली.

इंजिन आपोआप निघालं आणि पूर्ण फेरी मारून लेनीपुढे येऊन उभं राहिलं. त्याने वाकून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. गोंदाचा थेंब तिथेच होता, वाळलेला, अखंड.

“हे कोणी ठेवलं?” मिल बेंडवरून ड्वाइटने विचारलं. पिवळ्या घराच्या कुंपणाच्या आत मोहरीच्या दाण्यांएवढी काळी ढेकळं पडली होती. त्याने एक उचललं, बोटांत चुरडलं. “हा खरा कोळसा आहे. लेनी, तू टाकलास?” आणि तो हसला, ओल्या डोळ्यांनी हसला. “आईला किती आवडलं असतं हे.”

लेनी टॅनरीच्या फाटकापाशी गेला आणि टेकडीवरच्या घराशी वाकला. आईकडे एकदा पाहावं, एवढंच त्याला वाटलं. तिला तरी काही ठाऊक नसेल, निदान तिला तरी.

पांढऱ्या भिंतीवर काजळीचा एक कणही नव्हता.

स्वयंपाकघराची खिडकी मात्र आतून लावलेली होती.