एक्केचाळीस नंबरचा रिकामा पेला

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बाकीच्या गोष्टींत थोडाफार मसाला असतो, कबूल. हिच्यात मसाला घालायचं माझंच धाडस झालं नाही.

गेल्या मे महिन्यातला गुरुवार. निपाणीच्या पुढे, बोरगावच्या वाटेवरची एक दूध डेअरी.

आणि रात्र नव्हती हो... संध्याकाळचे पाच. लख्ख ऊन.

माझी पुतणी नीलम बेळगावात एका छोट्या कंपनीत आहे. दूध तपासायची मशीनं बनवतात तिथे. मशीनच्या आतला प्रोग्राम ती लिहिते, सी भाषेत. पेल्यातलं दूध मशीन नळीने ओढतं आणि सांगतं, चांगलं की खराब. खराब निघालं तर ते टाकीत ओतायचं नाही.

पण आठ दिवस झाले, या डेअरीत खराब दूधही 'चांगलं' म्हणून पास होत होतं.

बसमधून उतरली तेव्हाच नीलमला वास आला. नासलेल्या दुधाचा म्हणावा, तर त्यात आणखी काहीतरी होतं... ओल्या फडक्यात गुंडाळून विसरलेल्या मांसासारखं. तिने ओढणी नाकाला लावली.

दूध मोजणारा म्हातारा यल्लाप्पा दारातच उभा होता.

"आलीस व्हय आक्का? बघ बाई काय ते. कालची टाकी गटारात वतली. परवाची तर कळलंच न्हाय, टँकरात गेली. लेकरं पितात गं ही दूध."

"टँकर किती वाजता येतो, आप्पा?"

"साडेसहाला."

दीड तास. तेवढ्यात मशीन ताळ्यावर आलं नाही, तर आजचंही दूध तसंच जाणार.

तिने लॅपटॉप जोडला. आठही दिवस एकच गोष्ट. मशीन चालू केलं की चाळीसाव्या गवळ्यापर्यंत सगळं ठीक. एक्केचाळीसला काहीतरी बिघडायचं, आणि त्यानंतर मशीनने शेणालाही 'चांगलं' म्हटलं असतं.

"एक्केचाळीस कोण, आप्पा?"

"मनुबाई."

"त्यांना बोलवा जरा."

यल्लाप्पाने पायातल्या चपलेकडे बघितलं.

"आठ दिस झाले गं, ती वारली."

नीलमने लॅपटॉपवरच्या नोंदी पुन्हा बघितल्या.

"मग तिच्या नंबरावर रोज दूध कोण घालतंय?"

"दूध न्हाय. रिकामा पेला लावतोय मी. आमच्यात गेलेल्या माणसाचा नंबर बाराव्यापतूर मोडत न्हाईत. चाळीस वरसं घालत हुती दूध. यंत्रानं तिला वळखायचं सोडलं तर बरं दिसंल का?"

नीलम हसलीच. सुटल्यासारखी. कारण आता चूक तिला दिसली होती, आणि चूक तिचीच होती.

दूध ओढलं की सेन्सर आधी सांगतो, मी इतके आकडे देणार. वीस, तीस. तिचा कोड सेन्सर म्हणेल तेवढी जागा तिथल्या तिथे मांडायचा. व्हेरिएबल लेंथ अॅरे म्हणतात त्याला. पाहुणा म्हणेल तेवढी ताटं मांडायची, घर केवढं आहे ते बघायचंच नाही. रिकाम्या पेल्यावर सेन्सर बरळला होता: पासष्ट हजार पाचशे पस्तीस. एवढ्याशा मशीनमध्ये एवढी ताटं! मग शेजारी ठेवलेले बाकीचे आकडे पुसले गेले. खराब दुधाची खूण सांगणारा आकडासुद्धा.

दोन वर्षांपूर्वी घाईत लिहिलेल्या त्या एका ओळीची तिला किळस आली. शेजारी तिनेच लिहून ठेवलं होतं, 'मर्यादा नंतर घालू'.

तिने मर्यादा घातली. एकपेक्षा कमी किंवा चौसष्टपेक्षा जास्त आकडा आला तर जागाच द्यायची नाही. पडद्यावर ओळ येईल: 'नमुना नाकारला. मर्यादा ६४.'

मग नळी धुवायला काढली.

नळी वीतभर. तोंडाशी पिवळट, चिकट काहीतरी लोंबत होतं. तिने चिमटीत धरून ओढलं.

केस होता. पांढरा. सायीने लडबडलेला.

तिने ओढला... हातभर आला.

आणखी ओढला... दोन हात.

वीतभर नळीतून केस येतच राहिला. कोमट. त्याच्याबरोबर दह्यासारख्या गाठी टपटप तिच्या मनगटावर पडत होत्या. टोक येईना. तिने ते सगळं तसंच फेकलं आणि मागे जाऊन भडाभडा ओकली.

परत आली तेव्हा यल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता.

"मनुबाईचं केस..." तो म्हणाला, "गुडघ्याला टेकायचं."

नवी नळी घातली. चाळीसजण झाले. यल्लाप्पाने रिकामा पेला लावला.

'नमुना नाकारला. मर्यादा ६४.'

एक्केचाळीसच्या पुढे दोन खराब कॅन आले. दोन्ही मशीनने बरोबर पकडले. टँकरमध्ये स्वच्छ दूध गेलं. गोष्ट इथं संपायला हवी होती.

मशीनच्या नोंदी रोज बेळगावच्या ऑफिसात येतात. शुक्रवारी नीलमने सहज बघितलं. एक्केचाळीस, नाकारला. सेन्सरने मागितलेली जागा... तीस हजार.

आठ दिवस एकच आकडा होता. आजच बदलला?

शनिवारी चार हजार. रविवारी तीनशे.

सोमवारी बारावं झालं. मंगळवारी तिने फोन लावला.

"आप्पा, पेला लावताय का अजून?"

"न्हाय गं. काल नंबर मोडला. पेला मी माझ्या हातानं नदीत सोडला."

पण नोंद होती. पाच वाजून पन्नास मिनिटं. एक्केचाळीस. नव्वद.

नाकारला.

बुधवारी सहासष्ट.

तेव्हा तिला उमगलं. मर्यादा किती, हे पडद्यावर तिनेच लिहून ठेवलं होतं. कुणीतरी ते वाचलं होतं... आणि अंग चोरून, थोडं थोडं लहान होत, दाराशी येत होतं.

गुरुवारी पासष्ट.

तिने ऑफिसातल्या सरांकडे रजा मागितली, मशीन उचलून आणते म्हणाली. सर हसले. "अगं, तुझा कोड नाकारतोय ना? मग काम करतोय की!"

शुक्रवारी ती नोंदींसमोरच बसून होती. मधेच ऑफिसातली वीज गेली होती. ती आली सहा पस्तीसला.

एक्केचाळीस. चौसष्ट. तापमान सदतीस.

दर्जा: चांगले.

तिने फोन लावला. "आप्पा, टाकी थांबवा! ओतून द्या!"

"टँकर गेला की आक्का, पाच मिनटं झाली. का गं? आज तर लई घट्ट दूध हुतं. साय कशी, नुसती लांबत हुती..."

तो टँकर कुठे गेला, हे नीलमने शोधून काढलं आहे. पण मला सांगत नाही. घरी आली की काळा चहा मागते आणि माझ्या कपाकडे बघत बसते.

परवा फक्त एवढंच विचारलं तिने.

"काका... तुमच्याकडे दूध कुठलं येतं हो?"