भरलेल्या डिस्कचा आकडा

“मोजायच्या आधी डिस्क काठोकाठ भर, मैत्री. एकदा नाही, दोनदा. रिकामी डिस्क म्हणजे मुलगी बघायला आलेला मुलगा... तेव्हा सगळेच गोड बोलतात!”

निवृत्त होताना आमच्या चाचणी विभागाच्या उद्धवराव साहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं. आमच्या चाकणच्या कारखान्यात प्रत्येक गिअरचे फोटो निघतात आणि सर्व्हरवर साठतात. त्या सर्व्हरच्या नव्या डिस्कची चाचणी आता माझ्या एकटीच्या सहीवर होती.

डिस्क पुरवणाऱ्या कंपनीकडून ती घेऊन आला तो समाधान. मूळचा उदगीरचा. तीन आठवड्यांपूर्वी गेटवर पहिल्यांदा दिसला — कागद अपुरे म्हणून वॉचमननं अडवलेला, खोकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं. “मॅडम, मला ठेवा उन्हात, पण हिला तरी एसीत घ्या की ओ!”

मी हसले होते. अनोळखी माणसासमोर मी सहसा हसत नाही.

मग तो रोज येत राहिला. सर्व्हर बसवला, वायरी जोडल्या. पंख्यांच्या घरघरीत माझं हळू बोलणं ऐकू येत नाही म्हणून कान जवळ आणायचा. सगळं नीट ऐकू येत होतं त्याला... हे मला फार उशिरा कळलं.

चाचणीच्या दिवशी पौर्णिमा होती. पहाटे मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं, वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन बसले, मग कंपनीची बस पकडली. हा रोजचाच नेम. पौर्णिमेला दुपारी बारानंतर जेवत नाही, एवढंच वेगळं.

नऊ वाजता रिकाम्या डिस्कचा आकडा सहज म्हणून पाहिला. सेकंदाला दोन लाख चाळीस हजार नोंदी! मी बघतच राहिले. माझा एक संथ श्वास आत जाऊन बाहेर येतो, तेवढ्यात या बोटभर पट्टीनं जवळजवळ दहा लाख गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. ना आवाज, ना हालचाल. नकळत हात जोडले गेले.

“कुणाला नमस्कार? मला?”

“डिस्कला.”

“बघा! आणणाऱ्याला कुणी इचारत न्हाई.”

“आणणाऱ्याला मोजायची सोय नाही आमच्याकडे.”

“न्हाई कशी? तीन आठवडे मोजताय की...”

मी घाईघाईनं डिस्क भरायला लावली. दोनदा. अकराला खरी चाचणी सुरू झाली. भरलेल्या डिस्कला आधी जुनं पुसून जागा करावी लागते, मग नवं लिहायचं. तिथं तिचा कस लागतो. आम्हाला साठ हजार हवे होते, पण शिफ्टभर टिकणारे.

एक वाजता तो माझ्या टेबलावर वडापाव घेऊन आला. मी पौर्णिमेचं सांगितलं. त्यानं पुडी पुन्हा बांधली.

“मग मी पण न्हाई खात.”

“तुमची कसली पौर्णिमा?”

“तुमचीच की.”

माझे कान तापले. मी पडद्याकडे पाहिलं. एक लाख... नव्वद...

“एक सांगू?” त्याचा आवाज उतरला. “ही पास झाली तर देखभालीला दोन वर्षं मी इथंच. न्हाई तर सोमवारी बेंगळुरू.”

“...आधी का नाही सांगितलं?”

“तुमचा हात हलला असता.”

सत्तर. थांब ना गं, मी मनात म्हटलं, इथंच थांब. पंचावन्न. अडीच वाजता अडतीस हजारांवर ती थांबली. तासभर पाहिलं. रेघ जागची हलली नाही.

अहवालात एकच चौकट होती, ‘वेग’. कधी मोजला, ते कुणी विचारत नव्हतं. सकाळचा आकडाही मीच मोजलेला, खराच होता. तो लिहिला असता तर दोन वर्षं...

पण भर शिफ्टमध्ये फोटो साठेनासे होऊन लाइन बंद पडली असती. आणि उद्या पहाटे खोटं न बोलण्याचं शील मी कोणत्या तोंडानं म्हटलं असतं?

अडतीस हजार. नापास. मी सही केली, आणि अक्षरं धूसर झाली.

समाधाननं कागद वाचला. मला वाटलं, चिडेल. तो हसत होता... अगदी मोकळं.

“सकाळचा आकडा लिहिला असता तर मी राहिलो असतो ओ. पण तुमच्यासमोर बसून हसता आलं नसतं.”

स्वतःचंच नुकसान हातात धरून असं हसणारा माणूस! मी पुन्हा नुसती बघत राहिले. या वेळी मोजायला आकडाच नव्हता.

“बेंगळुरूहून रविवारी भेटायला आलो तर... बाबांना इचारावं लागंल?”

“लागेल.”

“मी इचारू?”

“नको,” मी म्हटलं. “मी विचारते. आजच.”

“मैत्री... नक्की?”

त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. “शब्द दिला,” मी म्हटलं.

संध्याकाळी बस पिंपरीत शिरली. बाबा या वेळी विहाराच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या चळती लावत बसतात.

“भाऊ, आज इथंच उतरते,” मी ड्रायव्हरला म्हटलं. ओढणी सारखी केली आणि वाचनालयाच्या दिशेनं चालू लागले.