बांगड्यांच्या डब्यातलं अर्धं पुस्तक

उलथनं फळीवरून फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता फुटली.

"काय पडलं गं?" सासूबाईंनी झोपेतच विचारलं.

"उलथनं, आत्या. झोपा तुमी."

त्या कुशीवर वळल्या. मी तांदळाच्या पिंपामागून बांगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा काढला, आतलं पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं. तिथं वाक्य मधेच संपत होतं – 'आपली इच्छा जोडीदाराला सांगताना स्त्रीने...'

काय करावं स्त्रीनं? पुढचं सगळं बारामतीत होतं.

ही गेल्या वर्षीची, म्हणजे शहाण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. बारामतीच्या पेठेत जरिनाभाभींचं बांगड्यांचं दुकान आहे. दर्शनी काचेच्या बांगड्या, आतल्या कपाटात बायकांनी वाचायची पुस्तकं. असतील चार-पाच, पण प्रत्येकाबद्दल भाभींचं मत पक्कं.

"हे डॉक्टरीणबाईंचं आधी वाच. आपल्याच अंगाची ओळख हाय ह्यात. हे बारकं, बाळंतपणानंतरचं, ते मग. आणि हे नेऊच नको. बाईला काय वाटतं ते लिहिलंय, पण एका बाईला विचारलेलं न्हाय बाबानं."

डॉक्टरीणबाईंचं पुस्तक जाडजूड. डब्यात मावेना आणि डब्याशिवाय कुणी घरी नेईना. मग भाभींनी ते मधोमध कापून त्याचे दोन भाग शिवून घेतले होते. पहिला माझ्याकडे होता.

दिपाली झाल्यापासून ह्यांचा हात लागला की माझं अंग आखडायचं. का, ते मलाही सांगता येत नव्हतं. हळूहळू हे ओसरीवर झोपायला लागले. आता तर इंदापूरच्या दूध केंद्रावर बदली मागितली होती, ती मंजूरही झाली होती आणि ह्यांनी शनिवारी होय की नाही ते कळवायचं होतं. गाव म्हणालं, मानसिंगचं नशीब उघडलं. मी भाकरी थापत ऐकून घेतलं. मला ठाऊक होतं, माणूस माझ्यापासून लांब चाललाय.

आणि नेमकं आत्ताच... पुस्तक वाचता वाचता अंगातलं काहीतरी सैल झालं होतं. हे ओसरीवर कूस बदलायचे, ते मला आत कळायचं. आपण जागं आहोत हे त्यांना कळावं, असं वाटायचं. पण सांगायचं कसं? तेवढंच पान माझ्या भागात नव्हतं.

गुरुवारी दिपालीला घेऊन एसटीनं बारामती गाठली. भाभींनी माझा हात साबणाच्या पाण्यात बुडवला. दिपाली खाली बसून फुटक्या काचा रंगांप्रमाणे लावत होती.

"दुसरा भाग बाहेर गेलाय गं," भाभी म्हणाल्या. "पुरुषांचे डबे आमचे हे दुधाच्या टँकरमधून नेतात."

"पुरुष वाचतात?"

"एकच वाचतो. बाकीचे चित्रं शोधतात आणि परत धाडतात."

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "भाभी, पहिला भाग आला का हो?"

तो आवाज मी पाठमोरीच ओळखला. मी उठायला गेले, तर भाभींनी मनगट दाबलं.

"बस! अर्ध्या चुड्यावर उठतात का कुठं? आणि मानसिंगराव, तुमी पायरीवरच थांबा. आत बाईमाणूस हाय."

"ती... माझीच हाय," हे म्हणाले.

भाभींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निवांतपणे पुढची बांगडी उचलली.

"तू... बांगड्या भरायला?" ह्यांनी विचारलं.

"हो. आणि तुमी?"

"मी बी... बांगड्याच."

"माप काय तुमचं?"

भाभी हसल्या ते साबणाचा फेस उडेपर्यंत. ह्यांच्या काखेत तसाच पुठ्ठ्याचा डबा होता आणि कान लालबुंद.

"दुसरा भाग तुमच्याकडं हाय व्हय?" मी म्हणाले. "पहिला न वाचताच?"

"पहिला मिळंल तवा ना! कोण दाबून बसलंय कुणास ठावं."

"मी."

एक बांगडी सरकली. आणखी एक.

"काय आहे त्यात?" मी खाली बघूनच विचारलं.

"हेच की... बाळंतपणानंतर बाईचं मन लगेच येत न्हाय. घाई करू नये. तिनं बोलावल्याबिगर जवळ जाऊ नये." ते थांबले. "म्हणून ओसरीवर..."

"आणि इंदापूर?"

"तू बोलावलंच न्हाईस. वाटलं, मी घरात असल्याचंच तुला ओझं व्हतंय. म्हटलं, पहिल्या भागात काय औषध असंल तर बघावं शनिवारच्या आत."

दोघंही एकाच पुस्तकावर इतके महिने एकमेकांची वाट बघत होतो. मी बोलायचं कसं ते शोधत होते आणि हे मी बोलायची वाट बघत.

"तुमच्या भागाचं पहिलं वाक्य वाचा," मी म्हणाले.

त्यांनी डबा उघडला. रस्त्याकडे पाठ केली आणि शाळेतल्या पोरासारखं, हळू आवाजात वाचलं –

"'...योग्य शब्दांची वाट पाहू नये.'"

माझा हात अजून भाभींच्या हातात होता. पळून जायची सोय नव्हती. बरंच झालं.

"इंदापूरला जाऊ नका," मी म्हणाले. "ओसरीवर थंडी असते... आत या."

ते पायरी चढून आत आले. भाभींनी शेवटची बांगडी चढवली आणि अडवलं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. एरवी गावचं कुणी भेटेल म्हणून हे पुढं आणि मी मागं असायची. दिपाली मध्ये होती. तिच्या डोक्यावरून ह्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"ह्या रंगाला काय म्हणायचं?"

"मोरपंखी."

"मोरपंखी," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. "तुला आवडतो?"

"आवडतो. तुमाला कोणता आवडतो?"

"मला कुणी कधी इचारलंच न्हाय." ते विचारात पडले. "...हाच असंल."

मला हसू आलं. ह्यांनाही. दिपालीनं एकदा ह्यांच्याकडे मान वळवली, एकदा माझ्याकडे. मग माझा पदर ओढून, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, तुमची दोघांची आज ओळख झाली का गं?"