साडेसहाचं मंडळ

"जरा त्या खुर्चीत बसता का? फोटो काढायचाय."

ओळख ना पाळख, पाणी प्यायला आत आलेल्या माणसाला मी हे विचारलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत वीस खुर्च्या, एक पंखा आणि मी. गावाच्या युवा मंडळाची संयोजिका. बैठक सकाळी अकराची. पावणेबारा झाले तरी चिटपाखरू फिरकलं नव्हतं, आणि ऑफिसला रोज फोटो लागतो.

तो बसला. हातांना ग्रीस, खिशात पाना. मी फोटो काढला.

"आता त्या कोपऱ्यात पाठमोरा बसतो," तो म्हणाला. "टोपी घालून. दोन माणसं होतील."

"गंमत वाटतेय तुम्हाला?"

"नाही ताई... कीव येतेय."

मला हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसताना गालसुद्धा दुखले, इतकी मी दमले होते.

पाठीवर घेऊन पिकावर औषध फवारायचे पंप तो दुरुस्त करायचा. स्टँडजवळ पत्र्याचं दुकान. सगळे त्याला पंपवालाच म्हणत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाणी प्यायला आला. तिसऱ्या दिवशीही. त्याच्या दुकानासमोरच नळ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

"ताई, एक विचारू?"

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"...विचारायचंय ते विचारा."

तो नको तितका वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अकरा वाजता पोरं कुठं असतात, माहितीय?"

नव्हतं माहीत! 'युवकांचा सहभाग' या विषयाची तीन प्रशिक्षणं झालेली मी, मला माहीत नव्हतं. पोरंपोरी अकराला दुसऱ्यांच्या शेतात वाकलेली असतात. अकराची वेळ ऑफिसच्या सोयीची, कारण साहेबांचा चहा साडेदहाला होतो. आणि अहवालात आम्ही काय लिहितो? तरुणांमध्ये उत्साह नाही. लाजा नाहीत आम्हाला.

"आणि येऊन करायचं काय?" त्याने भिंतीवरचा उपक्रमांचा तक्ता वाचला. "बाटल्यांच्या फुलदाण्या! यांचे पंप गळतात. औषध पाठीवर उतरतं, कातडी सोलून निघते. ते शिकवा की."

"मला कुठं येतं?"

"मला येतं," तो म्हणाला. "सकाळी साडेसहाला. जमेल उठायला?"

जमत नव्हतं. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं. तरी गेले. पहिल्या दिवशी दोघंच आली. त्यातली एक चश्मीश, कामावर जायच्या गडबडीत वेणीसुद्धा अर्धीच घातलेली. तिसऱ्या आठवड्यात चौदा झाली. पंप उघडायचे, झिजलेला वॉशर काढायचा, नवा बसवायचा, पाणी भरून दाब द्यायचा. गळला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याबरोबर मीही शिकले. तो माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाखवायचा, "एवढंच आवळायचं... जास्त नाही."

"मॅडम," चश्मीश एकदा म्हणाली, "तुमचा एकच वॉशर चालू आहे. आमचे तीन पंप झाले."

सगळी खिदळली. त्याचे कान लाल झाले. माझं काय झालं, ते मी सांगणार नाही.

मग ऑफिसचं पत्र आलं. बुधवारी तपासणी, अकराला. बारापेक्षा कमी सभासद हजर असतील तर मंडळ बंद आणि माझी बदली. नवं गाव दोन बस बदलून जायचं. मी फोन केला.

"साहेब, साडेसहाला या ना. चौदा जण काम करताना दिसतील."

"मी काय दूधवाला आहे?" साहेब म्हणाले.

पंपवाल्याने पत्र दोनदा वाचलं. "मी शब्द टाकतो. चौदाच्या चौदा येतील."

"आणि त्यांचं काम?"

"बुडेल एक दिवस."

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. मंडळ गेलं खड्ड्यात... मला इथून जायचं नव्हतं. याच्यापासून जायचं नव्हतं. समोर चश्मीश पंपावर वाकली होती. तिच्या मानेवर औषधाने भाजल्याचा जुना डाग होता.

"नको," मी म्हणाले. "आपल्या तपासणीसाठी त्यांचा दिवस बुडवायचा नाही."

त्याने पाना हळूच खाली ठेवला.

बुधवारी साहेब आले. भिंतीशी चौदा दुरुस्त पंप ओळीने मांडले होते.

"माणसं कुठायत?"

"कामावर."

साहेबांनी 'उपस्थिती शून्य' लिहिलं आणि सही केली. संध्याकाळी मंडळाला कुलूप.

गुरुवारी सकाळी बॅग घेऊन स्टँडवर निघाले, तर पत्र्याच्या दुकानापाशी पाय थबकले. आतबाहेर जमिनीवर चौदाजण पंप उघडून ठोकत बसलेले. साडेसहा वाजले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी फोटोही काढत नव्हतं.

तो हात पुसत बाहेर आला. "बस किती वाजता?"

"आठला."

"तिथंही पंप गळत असतील ना?"

"सगळीकडेच गळतात."

"मग रविवारी येत जाईन मी... शिकवायला."

"फक्त शिकवायला?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "नाही. तुला बघायला."

तुला! अशा वेळी बाईने लाजायचं असतं म्हणे. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

"मलाही तू आवडतोस रे," मी म्हणाले. "फार आवडतोस. पण आत्ता मी इतकी दमलेय ना... लाजायचं राहू दे. नंतर लाजेन."

"सावकाश," तो म्हणाला. दुकानापुढच्या बाकावर त्याने पोत्याची घडी टाकली. "अजून तास-दीड तास आहे बसला. टेक जरा. मी उठवतो."

मी टेकले. तो शेजारी बसला, आणि माझं डोकं आपसूक त्याच्या खांद्यावर गेलं.

"ए, हळू ठोका रे," चश्मीश कुजबुजली, "मॅडम झोपल्यात."

"ठोकू दे," मी डोळे न उघडता म्हणाले.