निरीक्षकाची जागा

ऑफिसात त्यांना सगळे दशांशराव म्हणत, अर्थात पाठीमागे. कुणी "साडेतीन वाजले" म्हटलं की हे लगेच "तीन अठ्ठावीस" असं सांगत आणि वर नाक मुरडत. सूर्योदय, चंद्रोदय, ग्रहणं यांची कोष्टकं तयार करणारं ते ऑफिस. तिथला जुना प्रोग्राम मोडीत काढून नवा लिहायला दशांशरावांना आणलं होतं. जुना लिहिणारे आप्पा निवृत्त होऊन घरी बसले होते. आप्पांबद्दल दशांशरावांचं मत एका शब्दात सांगता येईल, पण तो शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही.

त्या सकाळचं काम अगदी साधं होतं. खग्रास सूर्यग्रहण आठवड्यावर आलं होतं आणि शाळांना वाटायचा ग्रहणाचा प्रोग्राम जवळपास तयार होता. आप्पांच्या कोडमधला केरकचरा तेवढा उपसायचा राहिला होता. दशांशराव एकेक ओळ वाचत होते आणि मोठ्यानं हसत होते, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंना ऐकू जावं.

"बाई, हे बघा. सूर्य, चंद्र, ग्रह आणि त्यांच्या रांगेत हा आणखी एक. नाव नाही, गाव नाही. म्हातारा तीस वर्षं रोज याचंही स्थान काढत होता!"

बाकी सगळ्यांची स्थानं वापरणारा जिथे असेल तिथून मोजली जात. या बिननावाच्याचं मात्र एकाच ठरलेल्या जागेवरून, आणि ती जागा भर समुद्रात. तिथून त्याचं अंतर कायम शून्य. वर आप्पांची टीप होती: 'निरीक्षकाची जागा बदलू नये. इथे कुणी राहत नाही, म्हणूनच ही निवडली आहे.'

"काढून टाका ना मग," बाई म्हणाल्या.

पण नुसतं काढून टाकण्यात कसली मजा? दशांशरावांना मीटिंगमध्ये साहेबांपुढे आप्पांची शोभा करायची होती. म्हणून त्यांनी समुद्रातली जागा पुसली आणि तिथे आपल्या घराच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश टाकले. चाचणीला ते नेहमी हेच आकडे टाकत, पाठच होते त्यांना. अंतर आलं १८४२.३०६ किलोमीटर. दशांशराव पोट धरून हसले. मग मीटिंग पुढे ढकलली गेली, आणि इतरांच्या चुका दुर्बिणीतून शोधणारा हा माणूस आपली गच्ची तिथून काढायला साफ विसरला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम हजारो शाळांत पोचला. पडद्यावर फक्त ग्रहण दिसे, पण आत तो बिननावाचाही मोजला जात होता.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सर, तो आकडा रोज कमी होतोय. दिवसाला दोनशे साठ किलोमीटरनं."

"आकडे बदलतात बाई. त्यालाच खगोलशास्त्र म्हणतात."

बाई आपल्या टेबलाकडे वळल्या. त्यांना या माणसाशी बोलायचा कंटाळा आला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी दीड वाजता मात्र त्या उठून त्यांच्या टेबलाशी आल्या. "सर, अकरा किलोमीटर राहिलंय. ही जागा कुठली आहे?"

दशांशरावांनी आकडे पाहिले. "माझ्या... माझ्या घराची गच्ची."

गच्चीवर या वेळी बायको होती आणि सात वर्षांची लेक, ठकी. ग्रहण लागताना दर दहा मिनिटांनी खडूनं आपापल्या सावल्या आखायच्या, असं शाळेनं मुलांना सांगितलं होतं. त्यांनी बायकोला फोन लावला. वाजत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आप्पांना फोन केला.

"आप्पा, तो... काय आहे?"

"माहीत नाही. मला तो गणितात सापडला. जिथून मोजावं तिथं येतो, एवढंच कळलं. एकदा माझ्याकडे आला होता. मग मी त्याला समुद्रात नेऊन ठेवला. रोज तिथून मोजायचो, म्हणून तिथंच राहायचा."

"मी आत्ता बदलतो. पुन्हा समुद्रातून मोजतो."

"तू एकटा? तुझा प्रोग्राम किती ठिकाणी चालू आहे या घडीला?"

"हजारो शाळांत," दशांशराव पुटपुटले.

"माझी टीप वाचली होतीस ना?"

"वाचली होती."

"मग?"

हसलो, असं काही त्यांना सांगवेना.

घरी पोचेपर्यंत उजेड विटला होता. भर दुपारी रस्त्यावर संध्याकाळ पडली होती, कुत्री भिंतींना चिकटून बसली होती. जिन्यात पाऊल टाकलं आणि खारट, ओला वास नाकात शिरला. या गावापासून समुद्र शेकडो मैल लांब. पायऱ्या कोरड्या होत्या. ते धडपडत वर गेले आणि गच्चीचं दार ढकललं, तोच सूर्य पूर्ण झाकला.

बायको आकाशाकडे तोंड करून उभी होती. ठकी पाण्याच्या टाकीजवळ. त्यांनी तिला कवटाळलं आणि डोळे घट्ट मिटले. दोन मिनिटं नऊ सेकंद. ते त्यांनीच काढलेले होते, अचूक होते, आणि संपता संपत नव्हते.

"बाबा, हळू ना," ठकी कानात कुजबुजली. "त्याला दिसत नाहीये."

उजेड परतला. गच्चीवर तिघांशिवाय कुणी नव्हतं. जमिनीवर खडूच्या आकृत्या होत्या. एक आईची, एक ठकीची. तिसरी लांबच लांब, आणि तिला पाय आखलेले नव्हते.

"हे कुणाचं, ठके?"

"तो आला होता ना. त्याच्याकडे ग्रहणाचा चष्मा नव्हता, म्हणून मी माझा दिला."

"कोण आलं होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कुणी नाही. अरे, किती घामाघूम झालायस तू!"

चष्मा कुठेच सापडला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी समुद्रातली जागा परत टाकली आणि दुरुस्त प्रोग्राम सगळ्या शाळांना पाठवला. अंतर आता शून्याकडे जायला हवं होतं. ते १८४२.३०६ वर, म्हणजे गच्चीपाशीच, ठाम राहिलं. गच्चीला कुलूप लागलं. आठवडाभर काही घडलं नाही, तसे दशांशराव पुन्हा ताठ झाले. आप्पांना उगाच फोन केला असंही त्यांना वाटायला लागलं. असल्या माणसांना भीतीसुद्धा फार दिवस पुरत नाही.

मग त्यांना आकडा हलताना दिसला. रोज सकाळी सात चाळीसला आकडा दोन किलोमीटरनं कमी व्हायचा. बारा पन्नासला पुन्हा जागेवर. रविवारी हलायचाच नाही. ठकीची शाळा घरापासून दोन किलोमीटरवर होती.

"आता तो मोजण्यानं हलायचा नाही," आप्पा फोनवर म्हणाले. "त्याला कुणी काही दिलंय का?"

दशांशरावांनी फोन ठेवला आणि तोंडावर हात दाबून ते रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही, बाईसुद्धा.

पुढच्या महिन्यात शाळेची सहल निघाली. त्यांनी नको म्हणून पाहिलं. ठकीनं रडून घर डोक्यावर घेतलं, बायको म्हणाली, "कारण तरी सांग." कारण काय सांगणार? बस गेली. ते पडद्यासमोर बसून राहिले. समुद्रापासूनचा आकडा बसबरोबर वाढत गेला. १८६०. १८७५. दहा वाजून पाच मिनिटांनी वर्गशिक्षिकेचा निरोप आला, बागेत पोचलो, मुलं खेळताहेत. आकडा १८८९.११२ वर थांबला. दशांशरावांनी श्वास सोडला.

आकडा उतरायला लागला.

१८८०. १८४२. घर मागे पडलं. १७००. मग इतक्या झरझर की दशांश वाचता येईनात. त्यांनी वर्गशिक्षिकेला फोन लावला.

"बाई, ठकी... ठकी आहे ना तिथं?"

"आहे की. आत्ता तर इथंच..." मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. शिक्षिकेनं तिला दोनदा हाक मारली. "झोपाळ्यावर होती हो. हा तिचा चष्मा पडलाय बघा, ग्रहणाचा."

पडद्यावर अंतर शून्य झालं होतं.

"अहो," शिक्षिका म्हणाल्या, "पण हा ओला कसा?"